सहा लाकडी हनुवट्या

चांदा जिल्ह्यातल्या सावली गावच्या सरकारी दवाखान्यात मी अठ्ठावीस वर्षं कंपाउंडर होतो. डॉक्टर येत, बदलून जात; मी जागच्या जागी. त्यामुळे पेशंटला पुढे काय होणार ते सांगायचं काम आपसूकच माझ्या गळ्यात पडलं. टाके कधी निघतील, ताप कधी उतरेल, भात कधी खायचा, सगळं मी सांगायचो. गुणवंतरावांनी सांगितलं ते झालंच, असा माझा लौकिक होता. हा लौकिक एका बाईने धुळीला मिळवला. तिचं नाव मनकर्णा. आजही बाजारात भेटली की चारचौघांत विचारते, "का जी गुणवंतभाऊ, कमरेचं सांगतलं होतं का तुमी?" नव्हतं सांगितलं. चुकलो. आता एकदाची सगळी हकिगत सांगून मोकळा होतो.

मनकर्णा डोंगरगावची. सावलीपासून तीन कोसांवर गाव, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्यापलीकडे जंगल. नवरा मुखरू सुतारकाम करायचा. बैलगाडी, नांगर, दाराच्या चौकटी, आणि तान्ह्या पोळ्याला पोरांसाठी लाकडी बैल. त्याच्या हातचा बैल असा की पोरं त्याला खरोखरचा चारा घालत. घरात मुखरूची आई भागीरथाबाई, आणि सहा वर्षांची मुलगी वच्छला. एवढंच कुटुंब.

त्रेपन्न सालच्या चैत्रात मनकर्णा मोहफुलं वेचायला गेली. मोह टपकायला लागला की आमच्याकडे माणूस आणि अस्वल पहाटे एकाच झाडाखाली येतात. म्हणून शहाण्या बायका लांबूनच हाळी देत, टोपलं बडवत जातात. मनकर्णाही तशीच गेली. पण ते अस्वल बहिरं होतं की मोहफुलं खाऊन तर्र झालेलं, देव जाणे. ते पळालं नाही. एक पंजा मारला आणि मग गेलं.

बाजेवर घालून तिला दवाखान्यात आणली तेव्हा दिवा मीच धरला होता. डॉक्टरांनी टाके घातले. जीव वाचला, डोळे वाचले, हे काही थोडं नव्हतं. पण खालच्या ओठाखाली हाडाचा पुढचा तुकडाच उरला नव्हता. जखम भरली तशी हनुवटी आत गेली, पितळी घागरीला पोचा पडावा तशी. मनकर्णा तोंडावरून पदर घेऊन वावरायला लागली. पेज ओठावरून ओघळायची म्हणून पंगतीत बसेनाशी झाली. पूर्वी भाताच्या रोवणीच्या वेळी बांधीत पहिलं गाणं ती उचलायची. ते बंद झालं. मुखरूही तिच्याशी बोलताना चुलीकडे बघायचा, नाहीतर छपराच्या वाशांकडे. "तिले बुरं वाटू नये म्हून," असं तो मला म्हणाला होता. नवरे कधीकधी भलतेच शहाणे असतात.

आता म्हातारीचं सांगतो. मुखरू पोटात असताना भागीरथाबाईला देवी आल्या आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. पोटच्या पोराचं तोंडही तिने पाहिलेलं नाही. पण कोण आलं, कोण वाळलं, कोणाला दिवस गेले, हे तिला आधी कळायचं. म्हाताऱ्या बाया पोराची हनुवटी धरतात आणि बोटं आपल्या ओठांना लावतात ना, तेच तिचं बघणं. मुखरूसाठी मुलगी बघायला गेली तेव्हा नावगाव, पिढी, काही विचारलं नाही. समोर आणून बसवलेल्या मनकर्णेची हनुवटी धरली, बोटं ओठांना लावली आणि म्हणाली, "हेच पोट्टी." पुढची बोलणी पुरुषांनी केली, पण लग्न ठरलं ते तिथेच.

अशा बाईला सांगायचं तरी काय? दवाखान्यात शुद्धीवर आल्याआल्या मनकर्णा फाटक्या तोंडाने पहिलं वाक्य काय बोलली असेल? "मायले सांगू नोका." माय म्हणजे सासू. मग मुखरूने घरी सांगितलं, अस्वलाने खांदा ओरबाडला. शेजारच्या आशाबाईने तेच सांगितलं, सगळ्या गावाने तेच सांगितलं. म्हातारीने हात पुढे केला की मनकर्णा चटकन वाकून पाया पडायची, म्हणजे हात डोक्यावर पडे. नाहीतर वच्छलेला मध्ये ढकलायची. अशी तीन वर्षं गेली. मला तर चीड यायची. अख्खं गाव मिळून एका आंधळ्या बाईला फसवतं, ही काय रीत झाली? एकदा मी मनकर्णेला तसं बोलूनही दाखवलं.

ती म्हणाली, "गुणवंतभाऊ, साऱ्या गावाच्या डोयात मी आता अशी हावो. एका मायच्या हातात तं मी पह्यलेवानी हावो. तेवढं राहू द्या नं जी."

मी गोळ्या मोजत बसलो.

छप्पन सालच्या श्रावणात, बाजाराच्या दिवशी, मनकर्णा एकटीच दवाखान्यात आली. रोवणी संपली होती. पदरातूनच म्हणाली, "नागपूरले हनवटी बसवून देतेत म्हंतेत. खरं हाय का?"

"तुला कोणी सांगितलं?"

"डाक्टरसाहेबानंच, मागच्या साली. तवा मी नाई म्हटलं होतं."

"मग आता?"

तिने पदर आणखी पुढे ओढला. मग कळलं. म्हातारी उन्हाळ्यापासून अंथरुणाला टेकली होती. अंगात काही राहिलं नव्हतं. एक दिवस तिने सुनेला जवळ बोलावून म्हटलं, "मनके, मराच्या आंधी एकडाव तुह्या तोंडावून हात फिरवू दे. बहुत दिवस झाले." मनकर्णा घाबरून म्हणाली, "देवारीले माय, देवारीले." देवारी म्हणजे आमच्याकडची दिवाळी. शब्द देऊन बसली होती.

"हात लावन अन् दचकन," ती म्हणाली. "तोच दचका घेऊन मरन. मले सुंदर नाई व्हाचं जी. देवारीपावतर हनवटी पाह्यजे, बस."

आमचे त्या वेळचे डॉक्टर नागपूरला शिकलेले. तिथले सर्जन वझलवार त्यांच्या ओळखीचे. लढाईत तोंडं फुटलेल्या शिपायांचे जबडे सांधून आलेला माणूस. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि मला म्हणाले, "गुणवंतराव, बाईंना काय काय होईल ते समजावून सांगा." मी घसा खाकरून सांगितलं. बेशुद्ध करतील. हाड बसवतील. आठ दिवस हनुवटी ठणकेल. महिनाभर पेज. मग झालं. इतक्या ठामपणे सांगितलं की जणू दर सोमवारी मीच हनुवट्या बसवत होतो. खरं म्हणजे असलं ऑपरेशन मी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

मूल गावाहून छोट्या रेल्वेगाडीने आम्ही तिघं नागपूरला गेलो. रजा टाकून मीही गेलो, कारण मुखरूला तालुक्यापलीकडचं जग माहीत नव्हतं. वझलवारांनी मनकर्णेचा पदर स्वतः बाजूला केला, बोटांनी चाचपलं, फोटो काढले आणि म्हणाले, "होईल. पण आधी कशी होती? जुना फोटो आहे का?"

डोंगरगावात फोटो! लग्नात आम्ही हळद लावतो, फोटो लावत नाही.

"मग तोंडी सांगा. नवरा ना तुम्ही? कशी होती हनुवटी?"

मुखरू विचारात पडला. "बरी होती."

"बरी म्हणजे? गोल? टोकदार? रुंद?"

"हनवटीवानी होती जी," मुखरू म्हणाला, आणि कपाळावरचा घाम पुसला.

मनकर्णेने त्याच्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागलो. दहा वर्षांचा संसार, आणि गड्याला बायकोची हनुवटी सांगता येईना. तिलाही सांगता येईना म्हणा. घरात आरसा होता तो हाताच्या पंजाएवढा, त्यात कुंकवापुरतं कपाळ दिसायचं.

वझलवार हसले. "काम काय करता?"

"सुतार हावो."

"मग झालं तर. करून आणा. लाकडाची. मी त्याच्यावरून काम करतो. अगदी तशीच होईल असं नाही सांगत. हाड आपल्या मनाचं असतं."

गावी आल्यावर मुखरूने शिवणीचा एक ओंडका काढला. ते लाकूड मऊ, पटाशीला चांगलं. पोळ्याचे बैल अर्धवट सोडून तो मनकर्णेला पडवीत समोर बसवू लागला. सुतारच तो, त्याचा डोळ्यावर भरवसा नाही, दोरीवर आहे. या कानापासून त्या कानापर्यंत दोरी लावायचा, नाकाखालून माप घ्यायचा, तिचं तोंड हाताने डावीकडे वळव, उजवीकडे वळव. मी देवीच्या लशी टोचायला गावात गेलो होतो, तेव्हा पाहिलं. मनकर्णा वैतागली होती. "अवं, मी का चौकट हावो का? हळू धर नं!" मुखरू म्हणत होता, "हालू नोको. तोंड वर कर. आणखी वर." तीन वर्षांनी त्या दोघांना भांडताना पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

पण हनुवटी काही जमेना. पहिली झाली ती आशाबाई म्हणाली, पुरुषाची दिसते. दुसरी टोकदार झाली. तिसरीला त्याने खळी पाडली, कारण त्याला वाटलं मनकर्णेला खळी होती. मनकर्णा म्हणाली, "कोनाले होती खळी? नाव सांग तिचं!" आशाबाई पोट धरून हसली. चौथी, पाचवी. बिघडलेल्या हनुवट्या वच्छला खेळायला न्यायची. तिने एक बाहुलीला बांधली आणि एक लाकडी बैलाला. सहावी सुबक झाली, गोल, गुळगुळीत, अगदी मूर्तीची असावी तशी. सगळ्यांना पसंत पडली. फक्त ती मनकर्णेची होती की नव्हती, हे कोणाला सांगता येईना.

सांगू शकणारं माणूस एकच होतं, आणि ते आत खाटेवर पडलं होतं.

मुखरूच्या डोक्यात कल्पना आली. त्या दिवशीही मी तिथेच होतो, दारात उभा. तो सहावी हनुवटी घेऊन आईजवळ बसला. "माय, देवीची मूर्ती करून राह्यलो. हनवटी जमली का पाय बरं."

भागीरथाबाईने लाकूड हातात घेतलं. अंगठा फिरवला, मग चारही बोटं. "कोनती देवी व्हय?"

"कोनतीबी. गावची."

"बहुत गोल केली रे. लाडू हाय का हनवटी हाय?" ती पुन्हा बोटं फिरवत राहिली. "देवीले हनवटी कराची तं आपल्या मनकर्णेसारखी कर. इथी, डाव्या अंगाले, तिले जराकसं जास्ती हाय. अन् खाली टोक नाई. सपाट हाय, बोट ठेवाले जागा भेटते. आन तुही पटाशी."

मुखरूने तिथेच बसून तासलं. म्हातारीने हात फिरवला, मान हलवली. त्याने पुन्हा तासलं. वरून कानस फिरवली. तिसऱ्या वेळी म्हातारीची बोटं खालच्या सपाट जागेवर थांबली. मग लाकडाला लावलेली बोटं तिने आपल्या ओठांना लावली. "हाव. आता हाय."

पलीकडच्या दाराआड मनकर्णा उभी होती. तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता. मला मात्र म्हातारीची कीव आली. बिचारी काय सुंदर फसली, असं मी मनात म्हटलं. माझी अक्कल ही एवढी.

तान्हा पोळा झाला आणि म्हातारीला आशाबाईच्या भरवशावर ठेवून आम्ही पुन्हा नागपूरला गेलो. म्हातारीला सांगितलं, मनकर्णेची दाढ किडली आहे, मोठ्या दवाखान्यात काढायची आहे. वझलवारांनी ती शिवणीची हनुवटी उलटसुलट करून पाहिली आणि मुखरूला म्हणाले, "तुम्ही आमच्या वॉर्डात नोकरी करता का?" ऑपरेशनच्या वेळी ती उकळून त्यांनी टेबलाशेजारी ठेवली होती म्हणे.

दुपारी मनकर्णेला वॉर्डात आणलं. अर्ध्या तासात मुखरूची बोंब ऐकू आली. मी धावत गेलो.

"गुणवंतभाऊ, धोका झाला! हनवटी म्हून नेली अन् कंबर कापली! हे पाहा, कमरेले एवढी मोठी पट्टी! दुसऱ्या बाईची चिठ्ठी बदलली यायनं!"

सिस्टर त्याला गप्प करत होती, तो गप्प होत नव्हता. मनकर्णा गुंगीतच कमरेवर हात ठेवून कण्हत होती. मलाही तसंच वाटलं, हे आज कबूल करतो. शेवटी वझलवार आले. "अहो, हाड काय मी आकाशातून आणू? कमरेच्या हाडाची कड काढली, ती हनुवटीला लावली. हनुवटीपेक्षा कंबरच जास्त दुखेल, पंधरा दिवस लंगडेल. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

मुखरू मात्र लगेच शांत झाला. "मंग असं सांगाचं नं जी. ज्या झाडाची चौकट त्याच झाडाचा तुकडा जोडला. बराबर हाय. परकं लाकूड धरत नाई." वझलवारांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

पण मी सांगितलं नव्हतं ते एवढंच नव्हतं. दातांना दात तारेने बांधले होते. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. मुखरू लहान मुलाच्या बोंडल्याने तिच्या गालात पेज सोडायचा. मला म्हणायचा, "लग्नापासून पह्यल्यांदा माह्या बोलण्याले उत्तर नाई येऊन राह्यलं. करमत नाई जी." चौथ्या दिवशी मनकर्णेने पितळी तांब्यात आपलं तोंड पाहिलं. सुजून भोपळा झालेलं, गळ्यापर्यंत निळं-पिवळं. अस्वलाने केलं त्याहून वाईट. ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि दोन दिवस बोंडलं तोंडाला लावू देईना. वझलवारांनी मला बाजूला घेऊन झापलं. पहिले पंधरा दिवस असंच दिसतं, हे आधी सांगायला हवं होतं, म्हणाले. खरं होतं. मी खाली मान घालून ऐकलं, मग तिच्या खाटेशी बसून सगळं नीट सांगितलं, चार वेळा सांगितलं. सूज उतरेल. निळं जाईल. कंबर दुखायची थांबेल. एक मात्र सांगता येत नाही, आणि मी पहिल्यांदाच 'सांगता येत नाही' असं म्हटलं: ओठ आणि हनुवटी बधिर झाली आहे, ती सहा-आठ महिन्यांत जागी होईल, नाहीतर कधीच होणार नाही.

तिने हाताने विचारलं: हे बसलं आहे ना? मी म्हटलं, बसलं आहे. मग तिने बोंडल्याकडे बोट दाखवलं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी तारा निघाल्या. हनुवटी झाली होती. खाली एक आडवा व्रण, डावीकडे थोडं जास्तच, आणि लाकडाच्या हनुवटीशी तंतोतंत जुळत नव्हती. पण होती. मनकर्णा बोलायला लागली ती पहिल्यांदा मुखरूवर खेकसली, वच्छलेच्या वेण्या कोण घालत असेल म्हणून. तोंडातलं तिखट-मीठ तिला कळायचं, पण ओठाखाली काही कळत नव्हतं. पेज ओघळली की मुखरू पुसायचा. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवर आलं तरी तिला पत्ता नसायचा, तेही तोच पुसायचा.

त्याच आठवड्यात आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. सावलीत लोक त्यावर वाद घालत होते. डोंगरगावात विषय एकच होता. दिवाळीच्या दिवशी दुपारी बैलगाडीने त्यांना गावी पोचवायला मी गेलो. खरं तर जायचं कारण नव्हतं, पण राहवलं नाही. गाव दिसलं तशी मनकर्णा म्हणाली, "गुणवंतभाऊ, हे लाकडाच्या हनवटीवानी नाई झाली. मायले समजन."

"थोडाफार फरक राहतोच," मी म्हटलं. माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

अंगणात आशाबाई आणि आणखी पाच-सहा बाया उभ्या होत्या. भागीरथाबाईला उशीला टेकवून बसवलं होतं. फार वाळली होती. मनकर्णा आत गेली, खाटेशी खाली बसली. या वेळी ती पाया पडायला वाकली नाही. तिने सासूचा हात हातात घेतला आणि स्वतःच आपल्या हनुवटीवर नेऊन ठेवला.

म्हातारीची बोटं हलली. अंगठा व्रणावरून गेला, डावीकडे थांबला, खाली सपाट जागा शोधून तिथे टेकला. मनकर्णा डोळे ताणून त्या हाताकडे बघत होती. तिला हात दिसत होता, लागत मात्र नव्हता.

म्हातारी म्हणाली, "लाकडाची यापेक्षा बरी होती."

मुखरूच्या हातातली पिशवी खाली पडली.

"माय... तुले ठाऊक होतं?"

"आंधळी हावो, पागल नाई," भागीरथाबाई म्हणाली. हात तिने काढला नव्हता. "दवाखान्यातून बाजेवून घरी आणली, तिसऱ्या दिवशी हिले ताप चढला होता, सूद नव्हती. तवाच हात फिरवला म्या. सारं पायलं. मंग हे शुद्धीवर आली अन् पाया पडून पडून तोंड चुकवाले लागली. म्हटलं, लपवून हिले बरं वाटते तं लपवू दे. म्याबी हात आखडला."

मनकर्णा रडायला लागली होती. "तीन साल, माय? तीन साल तू..."

"तू लपवे, मी लपवू देवो. मंग पायलं तं तू थकून राह्यली. म्हून म्हटलं, मराच्या आंधी हात फिरवू दे."

"मंग नागपूरले कायले जाऊ देलं? एवढी कंबर कापली माही!"

"तुले पाह्यजे होती, म्हून जाऊ देलं." म्हातारी मुखरूच्या आवाजाच्या दिशेला वळली. "अन् यानं सहा हनवट्या केल्या. सहा करता करता याले तुह्या तोंडाकडं पाहा लागलं. तीन साल हा छताशी बोलत होता. मले आवाजानं समजे."

मुखरू खाली बसला. त्याने पदराचं टोक घेतलं आणि मनकर्णेच्या हनुवटीवरचं पाणी पुसलं, तिच्याकडे बघत. भागीरथाबाईने आपली बोटं ओठांना लावली आणि म्हणाली, "आता दिवे लावा. देवारी हाय नं?"

मी अंगणात आलो. आशाबाईने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, हनुवटी पसंत पडली.

पुढचं थोडंच आहे. म्हातारी त्या दिवाळीत मेली नाही. तिखट जेवायला लागली, वच्छलेला गोष्टी सांगायला लागली, आणि रोज सकाळी चहाच्या आधी सुनेची हनुवटी धरायची, राहिलेल्या तीन वर्षांची भरपाई केल्यासारखी. मनकर्णा धानाच्या चुरण्याला, म्हणजे मळणीला गेली, पंगतीला बसली. हनुवटी काही जागी होईना. पौषात विचारलं, नाही. माघात विचारलं, नाही. मग मी विचारणं सोडलं. फाल्गुनात ती आपणहून म्हणाली, "राहू द्या जी. दिसते तं नं?"

चैत्रात, मोह टपकायला लागला तेव्हाची गोष्ट. आशाबाईबरोबर टोपलं बडवत ती पुन्हा मोह वेचायला जायला लागली होती. बाजाराच्या दिवशी सकाळी-सकाळीच दवाखान्यात आली. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. रांग सोडून थेट माझ्या खिडकीशी. मला वाटलं म्हातारीचं काही झालं. उठून उभा राहिलो.

"गुणवंतभाऊ," ती धापा टाकत म्हणाली, "मायचा हात किती खरबरीत हाय जी! मी तं इसरूनच गेली होती!"

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं.

"आज सकायी धरली नं मायनं हनवटी, तं अशी कानस फिरवल्यावानी लागली! म्या चिल्लावलीच. माय म्हने, काऊन वो, काय झालं? म्हटलं, माय, आणखी धर. आणखी धर म्हटलं!"

ती हसत होती आणि रडतही होती. रांगेतले लोक बघत होते. एक थेंब गालावरून ओठाच्या कडेला आला, तिथून हनुवटीवर उतरला. मी पुसायला कापसाचा बोळा शोधत होतो, तोवर तिनेच हात उचलून तो पुसून टाकला. या वेळी तिला समजलं होतं.